अभ्यासक्रमाबाहेरचं वेळापत्रक

आजवर मी किती अर्ज लिहिले आणि किती लिहून घेतले याची गणती नाही. माझी नोकरीच अर्जांची आहे. पण त्यातला एक नामंजूर झाला असता तर फार बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. तो मी पंचविसाव्या वर्षी लिहिला, स्वच्छ अक्षरात, मुद्द्यांना आकडे घालून, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिला त्यांच्याच हातात नेऊन दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, डाव्या कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला, खाली ‘मंजूर’ लिहून सही केली आणि म्हणाले, “अर्ज बरो लिवलंस गो. मुद्देसूद.”

हे आमचे सर.

सर म्हणजे काही शिक्षक नव्हेत. तालुक्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि कसालच्या बाजारात एका खताच्या दुकानावरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा वर्ग चालवत होते. पोलीस भरती, तलाठी भरती यांचे वर्ग आमच्याकडे पैशाला पासरी. सरांचा वर्ग मात्र एकाच परीक्षेचा. ज्यांना मारहाण झालीय, ज्यांच्यावर अत्याचार झालाय, ज्यांच्या घरातलं माणूस कुणी मारलंय, अशा लोकांना मदत करायला सरकार जी माणसं नेमतं, पीडित साहाय्य अधिकारी, समुपदेशक वगैरे, त्यांची परीक्षा. ही परीक्षा दरवर्षी होत नाही. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, आणि निघाली तर जिल्ह्याच्या वाट्याला जागा एखाददुसरी. म्हणजे जिथे गिऱ्हाईक फिरकणार नाही असं दुकान सरांनी मुद्दाम थाटलं होतं. तलाठ्याचा वर्ग काढा, खोली भरून जाईल, असं लोकांनी सांगून पाहिलं. सर म्हणायचे, “तलाठी कोणय होतलो. ह्या खुर्चेर कोण बसता, तां बघूक व्हया.”

त्यांच्या स्वतःच्या वर्गात मात्र त्यांना खुर्ची नव्हती. आम्ही बाराजण बाकांवर आणि सर आमच्यापेक्षा खाली, एका बुटक्या स्टुलावर. पहिल्या दिवशी मला वाटलं, खुर्ची दुरुस्तीला गेली असेल. महिन्याभराने धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, “रडणारो माणूस मान खाली घालून बसता. तेचां तोंड बघूचां तर आपण तेच्यापेक्षा खाली बसूक व्हया.” कोर्टात सगळा जन्म साक्षीदाराच्या पिंजऱ्याखाली बसून काढलेला माणूस, त्यांना जग खालूनच दिसत आलं होतं.

सकाळी बरोबर अकराला ते शिकवणं थांबवायचे. घरून पितळी डब्यात आणलेली पेज आणि खाराच्या आंब्याची फोड काढून, आमच्याकडे पाठ न करता, सगळ्यांच्या देखत शांतपणे जेवायचे. त्या दहा मिनिटांत कुणी शंका विचारली तर उत्तर नाही. आणि कुणाचं उत्तर चुकलं तर सर ओरडायचे नाहीत, चूकही सांगायचे नाहीत. फक्त म्हणायचे, “तारीख!” की त्या मुलाला दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तोच. परत चुकला, परत तारीख. माझ्या शेजारच्या मुलाला दखलपात्र आणि अदखलपात्र गुन्ह्यांवर सलग नऊ तारखा पडल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, “सर, माका आता शिक्षाच देवा.” त्या दिवशी सर इतके हसले, की पेजेचा ठसका लागला.

शिकवायला मात्र उत्तम. पेपर शंभर प्रश्नांचा. त्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन हे नेहमीचंच. उरलेला अर्धा पेपर आमच्या विषयाचा. फौजदारी कायदे, पीडितांचे हक्क, भरपाईच्या तरतुदी, समुपदेशनाची तत्त्वं, अहवाललेखन. कायदे नवे आले आणि पस्तीस वर्षं जिभेवर बसलेली कलमं बदलली, तेव्हा साठी उलटलेल्या या माणसाने एका मोठ्या पुठ्ठ्यावर जुने आणि नवे आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि आमच्याबरोबरच पाठ करायला घेतले. त्यांचंही चुकायचं. मग ते स्वतःलाच तारीख द्यायचे. एकेका कलमामागे ते पाहिलेला खटला सांगत. नाव नाही, गाव नाही, फक्त माणूस. ते कलम मग विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नसे.

हे सगळं सोमवार ते शुक्रवार. शनिवारी एसटीचं वेळापत्रक.

आता हे ऐकून तुम्हाला जसं वाटलं तसंच आम्हालाही पहिल्यांदा वाटलं. सर दर शुक्रवारी संध्याकाळी कसालच्या स्टँडवर वही घेऊन उभे राहायचे. कुठली गाडी कधी आली, कुठली उशिरा आली, कुठल्या गावाला आता जात नाही, कुठली वस्तीला जाते, म्हणजे संध्याकाळी गावात पोचून तिथेच मुक्काम करते आणि सकाळी परतते, हे सगळं उतरवून घ्यायचे. आणि शनिवारी आम्हाला गणित. “एक बाय तारकर्लीसून ओरोसाक इली. बारा वाजता तुमच्या म्होरे बसली. दिवे लागायच्या आत तिका घरात पोचूचां आसा. तिका किती वाजता उठवशात?”

ओरोस म्हणजे आमची सिंधुदुर्गनगरी, जिल्ह्याची सगळी कार्यालयं तिथे. तिथून कसाल, कसालवरून मालवण, मालवणात गाडी बदलून तारकर्ली. प्रत्येक ठिकाणी थांबायचा वेळ धरायचा. आम्ही वहीत मांडणी करायचो. सरांचं उत्तर ठरलेलं, “साडेतीन. जबानी अर्धी ऱ्हवली तरी चलात. पुढच्या बुधवारी उरलेली घेवा. पण साडेतीनाक ती उठूक व्हयी.”

कलमं ते पुस्तकी मराठीत शिकवत, निकालपत्र वाचल्यासारखी. वेळापत्रक मात्र मालवणीत. एकदा वेळापत्रकाला कुणीतरी नाक मुरडलं तेव्हा म्हणाले, “बायलमाणूस घरात काय सांगान तुमच्याकडे येता? बाजाराक जातंय, दात दाखवूक जातंय, म्हायेराक जातंय. ह्यां खोटां सांजच्या गाडीपर्यंतच टिकता. गाडी चुकली की खोटां उघडां पडलां. मगे तुमचो कायदो खंय कामाक येतलो?” म्हणून त्यांच्या मते कुणीही पीडित बाई समोर बसली की पहिला प्रश्न, काय झालं, कुणी मारलं हा नाही. पहिला प्रश्न, “बाय, परतीची गाडी किती वाजता आसा?” आणि तिचं उत्तर कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचं. गुन्ह्याची तारीख नंतर.

मी तेव्हा हे सगळं ऐकलं. वहीत लिहूनही घेतलं. ऐकणं आणि लिहून घेणं यात मी कधी कमी पडले नाही.

शनिवारी कधीकधी नाटक असायचं. सर डोक्यावरून टॉवेल घेऊन, पदर समजा असं म्हणून, त्यांच्या स्टुलावर पाठीत वाकून बसायचे. ते पीडित बाई. आम्ही एकेकाने अधिकारी व्हायचं आणि त्यांना बोलतं करायचं. सुरुवातीला सगळे फिदीफिदी हसले, मग कुणाला हसू येईना, कारण सर बोलेचनात. मी समोर बसून पुस्तकात होतं तसं मृदू आवाजात विचारलं, “घटना कोणत्या तारखेची आहे?” सर गप्प. “आपण निःसंकोचपणे सांगू शकता.” सर गप्प. सात-आठजणांची अशीच दांडी उडाली. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. अभ्यासात बेताची, सगळ्यात जास्त तारखा तिच्याच नावावर. ती सरांसमोर बसली आणि म्हणाली, “बाय गो, जेवलंस?” सरांनी टॉवेल काढला. त्यांचे डोळे ओले होते की काय कोण जाणे. “ही पास,” एवढंच म्हणाले.

ती परीक्षेत नापास झाली. बुद्धिमापनात गुण कमी पडले. आता बाजारात ब्लाऊज शिवते. तिच्या दुकानासमोरून जाताना मी पलीकडच्या कडेने जाते.

माझं सांगायचं तर मला ती नोकरी हवीच होती. कोल्हापूरला राहून समाजकार्याची पदवी घेतली होती. घरी भात आणि थोडे काजू, आणि ‘शिकलंस, आता पुढे काय?’ हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर. एकदा परीक्षा देऊन चार गुणांनी राहिले होते. वय चाललं होतं. अशात जाहिरात आली, हातात दोन महिने, आणि तरीही शनिवार वेळापत्रकाचाच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाड्यांच्या वेळांवर पेपरात एक प्रश्न नाही, अर्ध्या गुणाचा नाही. शिवाय आता गाडीची वेळ मोबाइलवर कळते. हे मी सरांना तोंडावर म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, “तिचो मोबाइल घोवान घेवन दिलेलो. ती खंय आसा, तां तेका घरात बसान दिसता. शाणी बाय मोबाइल घरात ठेवन येतली.”

नवरा मोबाइलवरून माग काढेल, हे उत्तर म्हणजे मला म्हाताऱ्याची अडवणूक वाटली. मी अकराजणांना गोळा केलं. सगळ्यांच्या मनात तेच होतं, पण पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं. पुढारीपण माझ्याकडे आलं, म्हणजे मीच ओढून घेतलं. अर्जात पाच मुद्दे होते. तिसऱ्यात मी लिहिलं होतं, ‘सदर विषय अभ्यासक्रमात समाविष्ट नसल्याने त्यावर खर्च होणारा वेळ आमच्या भवितव्याच्या दृष्टीने हानिकारक आहे.’ या वाक्यावर मी फार खूश होते.

तो अर्ज मंजूर झाला, ते वर सांगितलंच. सर चिडले असते, वाद घातला असता, एखादी तारीख दिली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी तो नीट घडी करून फायलीत लावला. पुढच्या शनिवारी बुद्धिमापनाचे प्रश्न. त्यापुढच्याही. वेळापत्रकाचं नाव त्यांनी परत काढलं नाही. शुक्रवारी मात्र ते स्टँडवर दिसायचेच. वही घेऊन उभे असायचे. आम्ही दिसलो की वही पिशवीत घालायचे आणि उगाच पेपर वाचल्यासारखं करायचे. आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारायचो.

मी पास झाले. आमच्या वर्गातून त्या वर्षी मी एकटीच. विषयाच्या भागात मला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण होते. पेढे घेऊन गेले तेव्हा सरांनी पेढा हातात धरून विचारलं, “तुज्या हापिसात घड्याळ खंय आसा?” मी म्हटलं, “सर, अजून रुजू व्हायचंय.” ते म्हणाले, “गेलंस की पयला बघ. तुज्या पाठसून असला तर काढून बाजूच्या भिंतीर लाव. दोगांका दिसाक व्हया.” मी होय होय म्हटलं आणि घरी येऊन सगळ्यांना ही गंमत सांगितली.

घड्याळ माझ्या पाठीमागेच होतं. ते तिथेच राहिलं. सरकारी भिंतीतला खिळा कोण काढणार!

रुजू होऊन दीड वर्ष झालं असेल. एका बुधवारी दुपारी तारकर्लीच्या अलीकडची एक बाई आली. तिशी-बत्तिशीची, नेटकी, कानात कुड्या. घरी पर्यटकांसाठी खोल्या, नवरा कमावता, निर्व्यसनी, गावात मान. मारायचा तो दिसणार नाही अशा ठिकाणी. सहा वर्षं. हे सगळं ती मोजक्या शब्दांत बोलली आणि माझ्या लक्षात आलं, की ही तक्रार मजबूत आहे. तिला तारखा आठवत होत्या, कोण कुठे उभं होतं हे आठवत होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही तिने ब्लाऊजच्या कापडात शिवून जपल्या होत्या. असं प्रकरण माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. मी तिला चहा दिला, पंखा तिच्याकडे वळवला आणि लिहायला बसले.

मी फार सुंदर लिहिलं. एकेक घटना क्रमाने, प्रत्येकीपुढे पुरावा, प्रत्येकीपुढे कलम. ती मधूनमधून माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. समुपदेशनाच्या पुस्तकात होतं, पीडित व्यक्ती नजर टाळत असेल तर ती काही लपवत असण्याची शक्यता असते. परीक्षेत यावर प्रश्नही आला होता आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं. म्हणून मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. तिने तीनदा विचारलं, “मॅडम, आजून किती येळ लागतलो?” तिन्ही वेळा मी म्हटलं, “झालंच, पाच मिनिटं.” एकदा तर म्हटलं, “एवढी हिंमत केलीत, आता घाई कशाला?” स्वच्छ प्रत काढून, पानापानावर तिची सही घेऊन, मी तिला उठवलं तेव्हा सव्वापाच झाले होते. ती धावत गेली. मला वाटलं, मन हलकं झालंय म्हणून पावलं हलकी पडतायत.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तो अहवाल वाचून दोन सहकाऱ्यांना दाखवला. अहवाल असा हवा, म्हणाले. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

ती घरी ‘मालवणात दात दाखवूक जातंय’ असं सांगून आली होती. मोबाइल घरी ठेवून. ती मालवणला पोचली तेव्हा तारकर्लीची गाडी गेली होती. ओळखीच्या रिक्षावाल्याने तिला दारात आणून सोडलं आणि भल्या मनाने नवऱ्याला सांगितलं, वहिनी ओरोसच्या गाडीतून उतरल्या, पुढची गाडी नव्हती म्हणून घेऊन आलो. हे मला पुढे तिथल्या अंगणवाडी सेविकेकडून कळलं.

मला आधी दिसला तो तिचा हात. आठ दिवसांनी ती नवऱ्याबरोबर आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. नवरा शुद्ध मराठीत, हात जोडून बोलत होता, “मॅडम, गैरसमज झाला होता. हिला राग लवकर येतो. विहिरीवर पाय घसरून पडली बघा, तेव्हापासून तिलाही वाईट वाटतंय. तक्रार मागे घ्यायची आहे.” नियमाप्रमाणे मी त्याला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं. पोलिसांना आत्ता बोलावते म्हटलं, राहायची सोय आजच करते म्हटलं, पाया पडायचीच तेवढी राहिले. तिने प्लास्टरमधला हात टेबलावर टेकवला. मग म्हणाली, “तुमी बरां लिवलांत, मॅडम. सगळां माज्या बोलण्यासारखां. पण माजी गाडी गेली.”

बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर तिने डाव्या हाताने सही केली. पुढे नियमाने गृहभेट दिली, पोलिसांबरोबर गेले, दोनदा गेले. तिने आम्हाला सोलकढी दिली आणि पडली म्हणूनच सांगितलं. ती परत माझ्याकडे आली नाही. कधी येईल असंही मला वाटत नाही.

त्या दिवसापासून सर मला सोसवेनासे झाले. म्हणजे त्यांचं नावसुद्धा. त्यांचे निरोप यायचे, तेही कंडक्टरांकरवी, कारण सगळे कंडक्टर त्यांच्या ओळखीचे. “सायबीणीक सांगा, सर इचारीत हुते.” मी मान हलवायची. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत वर्ष गेलं. मग कळलं, की वर्ग बंद झालाय. सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, घरीच असतात. तेव्हा कुठे एका रविवारी मी निघाले. ठरवलं होतं, आत पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकायचं. वाटेत वाक्यंही जुळवली. पहिलं वाक्य असं होतं, “सर, मी तुमच्याविरुद्ध अर्ज केला होता, आठवतोय?”

पडवीत खुर्चीवर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना माझ्यापेक्षा उंच बसलेलं पाहिलं. अंग वाळलेलं, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मला बघून तोंडभर हसले. “इलंस? कितीच्या गाडीन?” काकी, म्हणजे त्यांची बायको, आतून घावणे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुजां नाव काडल्याशिवाय ह्यांचो दिवस जाणा नाय. आमचां चेडू अधिकारी झालां म्हणान येणाऱ्या-जाणाऱ्याक सांगतत.” झालं. जुळवलेलं पहिलं वाक्य तिथेच राहिलं.

काम कसं चाललंय, नवे कायदे सोपे जातात का, साहेब बरा आहे का, सगळं त्यांनी विचारलं. मी साहेबांनी अहवाल वाखाणला तेसुद्धा सांगितलं. हो, तोच अहवाल. कसा सांगितला असेल मी? आज त्याची आठवण झाली तरी मान खाली जाते. मग सर थोडे पुढे झुकले.

“एक इचारतंय. खरां सांग. तुज्यामुळां कोणाची गाडी चुकली काय कदी?”

सांगायला याहून सोपी जागा कुणी कुणाला करून देत नाही. काकी ताट धरून उभ्या होत्या. सर माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मला वाटलं, माझी विद्यार्थिनी चांगली निघाली एवढंच यांना ऐकायचंय. आजारी माणसाचं मन कशाला मोडा! असा मी स्वतःशी सोयीचा विचार केला.

“नाय, सर.”

ते मागे टेकले. खोट्या साक्षी ऐकण्यात जन्म गेलेला माणूस. ओळखलं असेल तर तसं दाखवलं मात्र नाही. “बरां झालां,” म्हणाले. “मगे तू माज्यापेक्षा बरी. माज्यामुळां एकीची चुकली हुती.”

मग अडखळत अडखळत सांगितलं. जुनी गोष्ट. आतल्या गावची एक बाई साक्षीला आली होती. तिच्या जबानीचं शेवटचं पान सरांच्या हातून खराब टाइप झालं. न्यायाधीश म्हणाले, दुरुस्ती करून सही घ्या, चालेल. पण सरांना खाडाखोड खपायची नाही. “माका स्वच्छ पान व्हया हुतां. परत टाइप केलंय. तिका थांबवन ठेवलंय.” पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काकी ताट तिथेच ठेवून आत गेल्या. आम्ही दोघं घावणे निवत बसलेले बघत राहिलो.

पावसाळ्यानंतर सर गेले. कामाचं कारण होतं, मी बाराव्यालासुद्धा पोचले नाही. महिन्याने मी त्यांच्या घरी गेले. काकींनी त्यांची पुस्तकं बांधून ठेवली होती, कुणाला हवी तर न्या म्हणाल्या. मग पडवीच्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या.

“नोकरेक लागलेलां जां कोण येय, तेका ते ह्यांच इचारीत,” काकी म्हणाल्या. “गाडी चुकली काय कोणाची? सगळी नाय म्हणीत. मगे माका म्हणत, बघ गो, इतक्या पोरांत कोणाच्या हातसून चूक झाली नाय, माज्याच हातसून तेवडी झाली.”

मला तिथे बसवेना आणि उठवेना. आम्ही आठ-दहाजण असू, वेगवेगळ्या वर्षी पास झालेले, कुणी समुपदेशक, कुणी माझ्यासारखे. सगळेच खरं बोलले असतील यावर माझा विश्वास नाही. पण बाकीच्यांचं मला काय करायचंय? सरांना शाबासकी घ्यायचीच नव्हती आणि द्यायचीही नव्हती. एवढ्या वर्षांत एक तरी माणूस आपल्यासारखं चुकलेलं भेटावं, एवढीच त्यांची आशा होती. मी त्यांच्यासमोर दोन हातांवर बसले होते आणि त्यांना एकटं ठेवून आले.

मग मी काकींना सगळं सांगितलं. तारकर्लीची बाई, सव्वापाच, प्लास्टरमधला हात, ती काय म्हणाली ते, आणि मी सरांना काय म्हटलं तेही. काही राखून ठेवलं नाही. बोलता बोलता रडले. माझं संपल्यावर त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात तसं.

“माका सांगान आता काय उपेग?” त्या म्हणाल्या. “तेंका सांगूक व्हया हुतां गो.”